रेतीत फसलेली जीप आणि माझी पऱ्हाटी

साक्षरता वर्गातल्या बायांनो, हा कागद भिंतीवर लावते आहे. जिला वाचता येते तिने बाकीच्यांना वाचून दाखवा.

आज दुपारी चुलीसाठी बैलबंडीभर कापसाची वाळकी पऱ्हाटी घेऊन येत होते, तर नदीच्या रेतीत एक जीप रुतलेली. आत नर्सबाई. तीन कोसांवर एक बाई सकाळपासून बाळंतपणात अडली होती, तिच्याकडे निघालेल्या. ड्रायवर नुसता रेस देत होता आणि चाकं आणखी खाली जात होती.

म्हटलं, "काऊन गड्डा खोदून राह्यला, बाबू? बंद कर."

"मावशी, हे बंडी नाई, मोटर आहे."

"रेतीले थोडीच समजते!"

सगळी पऱ्हाटी चाकांखाली अंथरली, बैल सोडून जीपला जुंपले. निघाली.

संध्याकाळी तोच ड्रायवर दारात. "मावशी, पोरगी झाली. दोघीही बऱ्या आहेत. तुमची पऱ्हाटी मोडली पण."

"मोडू दे. येतानी फसला का?"

"नाई. तिच्यावरूनच आलो."

ती पऱ्हाटी अजून तिथेच आहे. तुमची नजर मला माहीत आहे. चुलीला उचलून नेऊ नका. पुढच्या वेळी नर्सबाई तुमच्याच घरी निघाल्या असल्या तर?