गाऱ्हाण्याची फ्लॉपी

दसऱ्याला आमच्या घरात हत्यारांची पूजा असते. बाबा गिरणीत होते तेव्हा पाटावर त्यांची कात्री असायची, आईची विळी असायची, माझं पेन असायचं. गिरणी गेली, परळची खोली सोडून आम्ही चारकोपच्या सेक्टरमध्ये राहायला आलो, तरी पाट काही सुटला नाही. त्या वर्षी मात्र पाटावर न मावणारं हत्यार घरात होतं. मी ज्या क्लासात शिकवायचे तिथे नवे कॉम्प्युटर आले, म्हणून सरांनी एक जुना माझ्या घरी ठेवायला दिला होता. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. शेजारची माणसं कॉम्प्युटर बघायला चपला बाहेर काढून आत यायची.

त्या मशीनच्या पोटात स्वतःचं काही राहत नसे. पुढे दोन फटी होत्या. एका फटीत सुरुवातीची फ्लॉपी घातली की तिच्यावरचं वाचून मशीन जागं व्हायचं. आपण टाइप केलेलं दुसऱ्या फटीतल्या फ्लॉपीवर साठायचं. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटात बसवलेली पातळ गोल चकती. पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून चकती उघडी दिसते. तिथे बोट लावायचं नाही, हे मी क्लासात पहिल्याच दिवशी दरडावून सांगायचे. घरात हे सांगायची वेळ कधी आली नव्हती.

माझ्या एका फ्लॉपीवर बाबांचं गाऱ्हाणं होतं. कोकणात सणावाराला घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरादाराच्या वतीने देवाशी बोलतो, आणि दर वाक्याला बाकीचे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. प्रत्येक घराचं गाऱ्हाणं वेगळं. आमच्या गाऱ्हाण्यात गावच्या सीमेवरचे देव होते, आटलेली विहीर होती, बोटीवरून परत न आलेला कोणी पूर्वज होता. थोरले काका गेल्यावर ते फक्त बाबांच्या तोंडात उरलं होतं. गाऱ्हाणं लिहून ठेवायचं नसतं, असं ते म्हणायचे. पण आपल्याला मुलगा नाही आणि मुलगी गाऱ्हाणं घालत नाही, या काळजीने शेवटी तेच एका उन्हाळ्यात खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. ते बोलायचे आणि मी इंग्रजी अक्षरांत ठोकत जायचे. त्याच वर्षी श्रावणात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. नंतर ती फ्लॉपी उघडायला माझं मन धजेना. दुसरी प्रतसुद्धा केली नाही.

दसऱ्याला मात्र मी ठरवलं, की आज गाऱ्हाणं व्हायलाच हवं. बाबा घालू शकत नाहीत तर मी वाचीन. मुलगी तर मुलगी, देवाला चालत नसेल तर त्याने तसं सांगावं. सकाळी क्लासातली पूजा उरकून मी दुपारी घरी आले. घरची पूजा आईने उरकली होती; मशीनला झेंडूचा हार होता, वर नारळ ठेवला होता. मी नारळ उतरवला, सुरुवातीची फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. आतून पाट्यावर खडा घासावा तसा आवाज आला. मशीन जागं होईना. फ्लॉपी बाहेर काढली तर खिडकीत कुंकू.

मी गाऱ्हाण्याची फ्लॉपी शोधली. तिच्या खिडकीत, बरोबर उघड्या चकतीवर, ओल्या हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा होता आणि त्यात अक्षतांचे दाणे दाबून बसवलेले होते.

“आई, हे काय केलंस गं? अक्कल गहाण टाकलीयस का?” मी ओरडले. पलंगावर बाबा होते, ते ऐकत होते, याचंही भान मला राहिलं नाही.

आई ताम्हन घासत होती, ती तशीच थांबली. “मिया काय वायट केलंय? तेच्यात तेंचो शब्द आसा, म्हणान लायलंय. बाकीच्यांका उगीच एक बोट. हेका नीट लायलंय.”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यासारखंही काही नव्हतं. मला रडूच फुटलं. त्या घरात आता बाबांचा आवाज म्हणून जे काही होतं, ते त्या चकतीवर होतं आणि तिच्यावर तांदूळ घासले गेले होते.

तेवढ्यात बोरीवलीची मैत्रीण सोनं द्यायला आली. ती कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होती. दारातच तिने आपट्याचं पान पुढे केलं, माझा चेहरा बघितला आणि पान माझ्या हातात कोंबून सरळ मशीनकडे गेली.

“वाट लागलीय रे बाबा. ही दुसरी घातलीस का आत?”

“नाही.”

“मग वाचलीस. वाचणारं जे डोकं आहे ना आत, त्याला कुंकू लागलंय. आता जी घालशील ती खरवडून निघेल. हात लावू नकोस कशाला.”

तिने झाकण उघडलं. बाबांच्या पाठीला लावायला आणलेलं स्पिरिट घरात होतं. त्यात कापूस बुडवून तिने ते डोकं हलकेच पुसलं. कापूस लाल व्हायचा थांबेपर्यंत पुसलं. मग गाऱ्हाण्याची फ्लॉपी उचलून म्हणाली, “हिला आंघोळ घालायला लागेल.”

मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. ब्लेडने तिने पाकिटाची एक कड कापली आणि आतली तपकिरी चकती कडेला धरून बाहेर काढली. आईला पाणी उकळून निवत ठेवायला सांगितलं. रागाने माझी मान आईकडे वळत नव्हती म्हणून तिच्याशी मैत्रीणच बोलत होती. आईने परात आणली. नैवेद्याच्या त्याच स्वयंपाकघरात, बासुंदीच्या वासात, आम्ही बाबांचं गाऱ्हाणं पाण्यात सोडलं. कुंकू सुटलं, पाणी गुलाबी झालं. दाणे निघाले. हळदीचा पिवळा डाग राहिला आणि डागाच्या कडेला, उजेडात धरल्यावर दिसणारा, एक बारीक ओरखडा राहिला.

“डागाचं काही नाही गं,” मैत्रीण म्हणाली, “ओरखड्याचं सांगता येत नाही.”

चकती मलमलीच्या फडक्यावर वाळत ठेवली. आईने त्या रात्री पंखा लावू दिला नाही, उडेल म्हणून. आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. बाबांना भरवताना ती त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. बहुतेक माफी मागत होती. ते ऐकून माझा राग अर्धा उतरला. उरलेला मी हट्टाने धरून ठेवला.

सकाळी मैत्रीण सुरुवातीची दुसरी फ्लॉपी घेऊन आली. आधी तिने एक कोरी फ्लॉपी घालून मशीन नीट वाचतंय का ते पाहिलं. मग दुसरं एक पाकीट कापून त्यात आमची धुतलेली चकती सरकवली आणि कोऱ्या फ्लॉपीवर प्रत काढायला सुरुवात केली. दिवा लागला. घरघर नीट चालली होती आणि मध्येच तो खड्याचा आवाज आला. पडद्यावर ओळ उमटली.

“काय म्हणता तां?” आईने विचारलं. कालपासून मला उद्देशून ती पहिल्यांदाच बोलली.

“वाचता येत नाही म्हणतंय. पुन्हा बघू, की तेवढं सोडून पुढे जाऊ?”

“पुन्ना बघ.”

पुन्हा बघितलं. पुन्हा तोच आवाज. आई दर वेळी म्हणे, पुन्ना बघ. शेवटी मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, “काकू, जितकं बघू तितकी ती घासतेय. असंच केलं तर पुढचंही जाईल.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना कितपत कळत होतं देव जाणे. ते पडद्याकडे पाहत होते. मग मीच ‘सोड’चं बटण दाबलं. इतकं वाईट मला श्रावणातसुद्धा वाटलं नव्हतं.

प्रत झाली. मी बाबांच्या पाठीशी उशी लावली, मशीन त्यांच्याकडे वळवलं आणि उभी राहून वाचायला लागले. “बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा पोटासाठी मुंबयक इली...” आई म्हणाली, “व्हय म्हाराजा.” मैत्रीण कोकणातली नव्हती, तीही म्हणू लागली. सीमेवरचे देव झाले. विहीर आली. आणि मग ओळी तुटल्या. पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं होती. बोटीवरून न आलेल्या त्या माणसाचं सगळं तिथे होतं. मला ते आठवत नव्हतं. टाइप करताना मी अक्षरं ऐकली होती, गोष्ट ऐकली नव्हती.

मी थांबले. मला पुढे जाता येईना.

बाबांनी डावा हात उचलला आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, एक अक्षर बाहेर येत नव्हतं, पण ओठ गाऱ्हाण्याच्या ठेक्यात हलत होते आणि एका जागी थांबले.

आई पलंगापाशी गेली. हात जोडून म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

ओठ पुन्हा हलले, पुन्हा थांबले.

“व्हय म्हाराजा,” आम्ही तिघी म्हणालो.