दारावरचा पोचा

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये वाऱ्याने एक रिकामी ट्रॉली घरंगळत आली आणि माझ्या गाडीच्या दाराला टेकली. टेकलीच, आदळली असं म्हणवत नाही. तरी तळहाताएवढा पोचा पडला.

"अगं, गाडी आहे की बिस्किटाचा डबा?" माझी रूममेट नेहा हसली.

अमेरिकेत आल्यावर मला परवडली ती हीच, इथल्याच बनावटीची जुनी, लहान गाडी. हलकी आहे म्हणून पेट्रोल कमी पिते. हलकी आहे म्हणूनच हायवेवर शेजारून ट्रक गेला की थरथरते. जीव वाचवतो तो आतला सांगाडा, वरचा पत्रा नव्हे, हे मला कळतं. पण गाडी स्वस्त करताना त्या सांगाड्यातलं काय काय कमी केलं असेल, ते बाहेरून कसं कळावं? आणि तिच्याशिवाय कॉलेज गाठता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

संध्याकाळी आईचा फोन आला. ती साधं मडकं घेतानाही बोटाने वाजवून घेते.

"गाडी वाजवून बघितलीस ना गं?"

"बघितली."

"दणकट आहे?"

"मी हळू चालवते, आई."