रावसाहेब साखळीबाहेर

सोलापुरात मला सगळे मास्तर म्हणतात. माझ्या रॉकेलच्या दुकानासमोर बाटल्या घेऊन उभी असलेली माणसंसुद्धा "मास्तर, लवकर द्या की" असंच म्हणतात. आणि मी उभ्या जन्मात एक दिवस शाळेत शिकवलेलं नाही. हसताय कशाला? चहा घ्या आणि ऐका. एवढा मोठा गाढवपणा करायला शिक्षण लागतं, आणि ते मी पुण्याला राहून घेतलं होतं.

तेव्हा मी नुकता बी. एस्सी. होऊन आलो होतो. अंगात कोट, खिशात पेन, डोक्यात हवा. इथल्या एका शाळेत शास्त्राचा मास्तर हवा होता. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे रावसाहेब, सरकारी मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. बोलणं कमी, मिशा जास्त. त्यांचा निरोप आला, "वाचनालयात एक व्याख्यान द्या. लोकांना समजलं तर नोकरी तुमची." एवढ्यावर आमच्या आईनं गावी, करकंबला, घरोघर पेढे वाटले, मुलगा मास्तर झाला म्हणून. आता नोकरी नाही मिळाली तर गावात तोंड कसं दाखवायचं, सांगा?

विषय मी निवडला हायड्रोकार्बन. सोलापूरच्या माणसाला त्याचं काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. पण सोपा विषय घेतला तर आपली विद्वत्ता दिसणार कशी?

"कंदिलातलं रॉकेल घ्या नाहीतर दलदलीतला वायू घ्या," मी सुरुवात केली, "सगळी कार्बन आणि हायड्रोजनची बिऱ्हाडं. एका कार्बनचं मिथेन, दोनांचं इथेन, मग प्रोपेन, ब्युटेन, पाचांचं पेंटेन, सहांचं हेक्झेन." हेक्झेनपर्यंत निम्मं वाचनालय पेंगलं होतं. रावसाहेबांचे डोळे मिटलेले. मला दरदरून घाम फुटला. आणि त्या घामात कल्पना सुचली, की माणसांचेच कार्बन करावेत.

पहिला मान अर्थात रावसाहेबांना. त्यांच्या हातात शिवलिंगप्पा शेटजींचा हात दिला. हे किराणा दुकानदार, घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. त्यांच्यापुढे तीन सभासद ओळीनं उभे केले. झाले पाच. आता एक फांदी दाखवायची होती. कार्बनला चार हात असतात, शेटजींना दोनच. म्हणून त्यांच्या उपरण्याचं टोक वाचनालयाच्या चिटणीसांना धरायला दिलं, आणि चिटणीसांच्या मागे, पार दाराशी, नरसय्या. हा मागावर लुगडी विणणारा. चिटणीसांनी त्याला हात न देता छत्रीचं टोक दिलं. सगळे कार्बन सारखेच, त्यांच्यात जात नसते, हे मी मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि छत्री होती तिथंच राहिली.

"नियम साधा आहे," मी म्हणालो. "सगळ्यात लांब साखळी मोजायची, तिचं नाव द्यायचं. बाहेर लोंबकळेल ती फांदी. रावसाहेब एक, शेटजी दोन, मग तीन, चार, पाच. पेंटेन. दुसऱ्यावर दोघांची फांदी, म्हणजे इथिल. झालं नाव, दोन-इथिल पेंटेन."

टाळ्या पडल्या. रावसाहेबांनी डोळे उघडले. मी मनात पहिला पगारसुद्धा घेतला.

"मास्तर, चुकलं की," दाराशी नरसय्या बोलला. "लांबात लांब मोजा म्हनलात न्हवं? मग माज्यापासनं मोजा. मी एक, चिटणीससाब दोन, शेटजी तीन, म्होरं हे तिघं. सा येतंय."

"अहो, पण साखळी सरळ नको का?"

"सूत वळलं म्हून तुटतंय व्हय? मागावर कसंबी फिरू दे, या टोकापासनं त्या टोकापत्तोर धागा एकच."

आता मेख बघा. नरसय्याचं अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. खरं नाव तीन-मिथिल हेक्झेन. पहिला नंबर दारातल्या विणकराचा, आणि रावसाहेब साखळीतच नाहीत. शेटजींच्या कुशीला चिकटलेला एकटा मिथिल! हे मी त्यांच्या तोंडावर सांगू? करकंबच्या पेढ्यांचं काय?

"शास्त्रात असं नसतं," मी दामटून म्हणालो. "मोजायला सुरुवात नेहमी मुख्य कार्बनापासून."

"मुख्य कुटला?"

"जो मोठा असेल तो. विलायतेच्या विद्वानांनी ठरवलंय."

"मगाशी तर समदे सारके म्हनलात."

"एन्री मास्तर," शेटजी गल्ला विसरून कानडीत कळवळले, "एक काय ते ठरवा की. माजं उपरणं फाटाय लागलंय."

रावसाहेबांनी शेटजींचा हात सावकाश सोडला. "नियम मला कळला," ते म्हणाले. "नरसय्यांनी मोजलं तेही कळलं. मी बाहेर आहे, हेही कळलं. तुम्हाला कसं नाही कळलं?"

मी अज्ञानी ठरेन या भीतीनं माझा बी. एस्सी. उसळला. "कळलं होतं, रावसाहेब. लगेच कळलं होतं."

"असं? मग ती चूक नव्हती तर." त्यांनी काठी उचलली. "माझी सगळी नोकरी शेतं मोजण्यात गेली. पाटील शेजारी उभा आहे म्हणून सहाचे पाच कधी लिहिले नाहीत. न येणारा मास्तर शिकून घेतो हो. तुम्हाला तर येतंय. तुमचं आम्ही काय करायचं?"

त्यांनी काही केलं नाही. मग मीच हे दुकान काढलं. हायड्रोकार्बनशी संबंध सुटला नाही, एवढंच समाधान. आईनं करकंबात अजूनही खरं सांगितलेलं नाही, आणि इथं नरसय्यामुळे मास्तर हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

नरसय्या माझं जुनं गिऱ्हाईक. दर आठवड्याला बाटली पुढे करतो, मापावरची नजर काढत नाही, आणि चारचौघांत म्हणतो, "मास्तर, बरोबर मोजा. हितं रावसाहेब न्हाईत."