कळ्या धरलेली शेवंती

लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड आम्ही सोलापुरात मांडलं, ते गौरी गेल्यावर, पितृपक्ष लागायच्या आत. यांना तिथल्या शाळेत मास्तरकी मिळाली होती. दोन खोल्या, मागे न्हाणी आणि तिच्यापलीकडे दोन खाटा मावतील एवढं परस. कुंपणावर घेवडा चढलेला आणि कोपऱ्यात शेवंतीचं एक जुनं, दाट बेट. मी कोकणातली. घरापेक्षा ते परस पाहूनच मला बरं वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात मागच्या दारी एक बाई आली. चाळिशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. हातात रॉकेलचा रिकामा डबा.

"तुमच्या आधी हितं आमी राहत होतो की," ती म्हणाली. "माझी चामंती न्यायला आले."

तेलुगूत शेवंतीला चामंती म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तिच्या घरी लुगड्यांचा माग होता. दुसरा माग घालायचा म्हणून ते पलीकडच्या गल्लीत गेले. तिथे दोन माग बसले, पण झाडाला वीतभर जागा उरली नाही.

"न्या ना, तुमचीच आहे," मी म्हटलं खरं, पण मला ते आवडलं नव्हतं.

ती बेटाशी बसली. पानं बाजूला करून शेंडे पाहिले आणि डबा खाली ठेवला.

"कळ्या धरल्यात गं. आता उपटली तर समद्या टाकील. फुलू दे, मग नेते."

जाता जाता तिची नजर माझ्या वाफ्यावर गेली. पाऊस उघडल्या उघडल्या मी तो खणला होता आणि मेथी पेरली होती. उन्हानं त्याची ढेकळं वाळून विटा झाल्या होत्या. मेथीचा पत्ता नव्हता.

"ओल्यात खणलंस व्हय? काळी माती हाय ही. मुठीत दाबून बघायची. चिकटली तर गप बसायचं, भुगा झाला की खुरपं धरायचं."

आमच्या तांबड्या मातीत पाऊस थांबला की तासाभरात काम सुरू करता येतं. इथे वाफसा यायची वाट पाहावी लागते. ढेकळं फोडून, राख आणि शेणखत घालून आम्ही दोघींनी मिळून मेथी पुन्हा पेरली. धने भरडून टाकले, कडेला मुळा लावला.

मी तिला अक्का म्हणू लागले, आणि मग अक्का रोज दुपारी येऊ लागली. आश्विनाचं ऊन चढलं तेव्हा मी गल्लीतल्या कडुलिंबाखालचा वाळका पाला गोळा करून रोपांच्या बुडाशी पसरला. माझी आई असाच पातेरा घालायची. "कचरा कशाला घालतीस?" म्हणून ती हसली. पण संध्याकाळी पाल्याखाली बोट घातलं तर ओल तशीच होती. दुसऱ्या दिवशी तिनं ओटीत भरून पाला आणला आणि चामंतीच्या बुडाशी घातला.

"देऊन टाक ना त्यांची शेवंती," हे एकदा म्हणाले. "रोज हेलपाटा कशाला त्यांना?"

"कळ्या धरल्यात. आता हलवत नाहीत," मी म्हटलं. खरं तर दुपार झाली की माझे कान मागच्या दाराकडे लागायचे.

हस्ताच्या पावसात एका दुपारी वावटळ आली आणि घेवड्याचा मांडव शेवंतीवर कोसळला. मी तो उचलायची धडपड करत होते, तेवढ्यात अक्का भिजत धावत आली. आम्ही दोघींनी मांडव सावरला. एक फांदी मोडलीच. कळ्यांसकट ती फांदी पदरात घेऊन अक्का न्हाणीच्या पायरीवर बसली.

"पोरीनं लावली हाय ही," ती म्हणाली. "यंदा तिचं लगीन झालं. दिवाळसणाला येणार हाय. म्हटलं, तिच्या झाडाच्याच फुलांची येणी तिला घालावी."

मग रोज आम्ही कळ्या चाचपू लागलो. मेथीची पहिली जुडी निघाली, घेवडा लागला, कळ्या मात्र हिरव्याच. "पाणी वाढवू का?" मी विचारलं. "नगं. पाण्यानं पानं वाढतील, फूल न्हाई."

दिवाळी आली तेव्हा कळ्यांना पिवळी कड तेवढी सुटली होती. अक्का लेकीला घेऊन आली. नवं लुगडं सावरत ती पोरगी बेटाशी बसली. फुललं नाही म्हणून मलाच कानकोंडं झालं होतं. तिनं मात्र त्यातल्या त्यात उमललेली एक कळी खुडून अंबाड्यात खोचली आणि आईकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलली. दोघी खळखळून हसल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणती, लावली तेव्हा बोटाएवढी होती, आता माझ्या सासूएवढी झालीया!"

लेक सासरी गेल्यावर आठवड्यानं शेवंती फुलली आणि सगळं परस पिवळं झालं. अक्कानं टोपलीभर फुलं दोन्ही गल्ल्यांत वाटली. बहर सरल्यावर बुडाशी फुटलेले कोंब मुळांसकट काढून आम्ही तिच्या डब्यात लावले. जुनं बेट तिनं मला ठेवलं. डबा तिनं मागाशेजारच्या खिडकीत नेऊन ठेवला.

तरी दुपारी ती यायचीच. आता न्यायचं काही राहिलं नव्हतं, आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललोही नाही. थंडी पडायला लागली होती. रिकाम्या झालेल्या मेथीच्या वाफ्यात आम्ही चाकवत पेरला.