चंडोलाची जागा

ओल्या मुरमाचा वास आला की मला गावामागचा माळ आठवतो. कुसळी गवतानं पिवळा पडलेला तो माळ हिरवा करायचं गावानं ठरवलं होतं, आणि मी रोप हातात धरून जेसीबीपाशी उभा होतो. खड्ड्यासाठी आखलेल्या जागेवरच, गवताच्या बुडाशी, उघड्या माळावरच राहणाऱ्या चंडोल पक्ष्याचं घरटं दिसलं. आत ठिपक्यांची अंडी. मी हात आडवा केला तसा जेसीबीवाला खाली उतरला. "जीव हाय की ओ, मोडत न्हाय," म्हणत त्यानं गवताच्या झुबक्यासकट घरटं अलगद उचललं आणि जरा पलीकडं ठेवलं. "हितं सापडंल की तिला." मग खड्डा झाला. थोड्या वेळानं मादी आली ती थेट खड्ड्यात उतरली आणि तळाच्या मुरमावर अंग फुलवून बसली. आम्ही टाळ्या वाजवून तिला उठवलं, घरट्याकडं हुसकलं, तरी ती फिरून तिथंच यायची. जेसीबीवाला हळूच म्हणाला, "आता रोप कुटं लावायचं ओ?" आज तिथं दाट झाडी आहे. परवा एक पाहुणे कौतुकानं म्हणाले, "एवढी झाडं झाली, आता पक्षी येतील की!"