पिन काढू नका

दुपारी सव्वादोनला मी युनूसला मेसेज टाकला होता : ‘तुझ्या लिनक्समध्ये परत भोक सापडलंय म्हणे. तोंड लपवत ये.’ तो सेकंड शिफ्टला येणार होता, मी फर्स्ट शिफ्टवरून सुटणार होतो आणि मधल्या पंधरा मिनिटांत त्याला कँटीनमध्ये कसा कोंडीत पकडायचा, याची जुळवाजुळव मी सकाळपासून करत होतो. मेसेजला दोन टिका आल्या, त्या निळ्या काही होईनात. म्हटलं, बसमध्ये डुलकी लागली असेल. तीनच्या सुमाराला त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. तळवड्यात कंपनीच्या बसची वाट बघताना युनूसच्या छातीत कळ आली, तो तिथंच कडेला बसला आणि... बेचाळीस वर्षांचा होता. तो मेसेज पुसून टाकायला मी कितीदा तरी फोन हातात घेतला. अजून पुसलेला नाही.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं बारा वर्षं कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. मी विंडोजवाला, तो लिनक्सवाला. कॉम्प्युटर चालवणाऱ्या या दोन प्रणालींत लिनक्सची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, विंडोजची बंद असते; कोणती जास्त सुरक्षित, यावर आम्ही शिफ्ट बदलताना रोज भांडायचो. मशीनवरची पोरं चहाचे कप घेऊन आमच्याभोवती उभी राहायची आणि जाताना ‘आज कोण जिंकलं?’ म्हणून विचारायची. युनूसच्या वडिलांचं राजगुरुनगरला गॅरेज होतं, त्यामुळे त्याच्या प्रत्येक मुद्द्याला ग्रीसचा वास यायचा. “राव, बॉनेट वेल्ड करून दिलेली गाडी तू घेशील का? मला आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे,” तो म्हणायचा. मी म्हणायचो, तुझं बॉनेट सगळ्यांना उघडतं, म्हणजे चोरालाही उघडतं. “चोर बघतो तसे चार मेकॅनिकही बघतात की!” मग मी शेवटचं अस्त्र काढायचो : माझ्याकडे किल्ली, म्हणजे पासवर्ड, हरवली तर परत मिळवायची सोय असते, तू काय करशील? त्यावर तो शांतपणे चहा संपवायचा आणि म्हणायचा, “म्हणजे तुझी डुप्लिकेट किल्ली दुसऱ्याच्या खिशात. मग घर तुझं कसलं?” पोरं टाळ्या द्यायची. मी चरफडत बसमध्ये जाऊन बसायचो.

माणूस बोलायचा तसाच वागायचाही, हे त्याचं वाईट. त्याचा घरचा लॅपटॉप सुरू करताना सहा शब्दांचं एक वाक्य टाइप करावं लागायचं. ते वाक्य त्याच्या डोक्यात होतं, दुसरीकडे कुठंही नाही. फोनवर तो काही ठेवायचा नाही, इंटरनेटवर तर नाहीच. दुसरी प्रत होती ती एका हार्डडिस्कवर, तिलाही तेच कुलूप. या लॅपटॉपवर त्याच्या मुलीसाठी, झोयासाठी, गोष्टी होत्या. सेकंड शिफ्ट असली की झोया झोपायच्या वेळी बाप घरी नसायचा. म्हणून त्यानं स्वतःच्या आवाजात एका वाट चुकलेल्या ट्रकच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, तीसेक तरी असतील. ड्युटीला निघताना तो लॅपटॉप उघडून, सुरू करून ठेवायचा. संध्याकाळी झोयानं एक बटण दाबलं की अब्बू बोलायला लागायचा.

त्या दिवशीही तो सुरूच होता. घर माणसांनी भरलं, उकडायला लागलं, आणि कुणीतरी पंखा लावायला लॅपटॉपची पिन काढली. बॅटरी केव्हाच गेलेली होती. लॅपटॉप बंद पडला, त्या गर्दीत कुणाला कळलंही नाही. कुणाला दोष देणार?

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी युनूस कँटीनमध्ये आला आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून त्यानं माझ्यापुढे धरली. “हे ठेव. मला काही झालं तर शबानाला दे.” शबाना त्याची बायको, आणि चिठ्ठीत लॅपटॉपचं ते वाक्य असणार हे मी ओळखलं. नेहमीची पोरं भोवती होती. मला वाटलं, दहा वर्षांत हा पहिल्यांदा तावडीत सापडला. मी उभा राहून म्हणालो, “हरलास, भावा! आजपासून तुझ्या सिक्युरिटीतलं भोक म्हणजे मी.” आणि ती चिठ्ठी न उघडता फाडली. न उघडता, याचा मला केवढा अभिमान! तुकडे उरलेल्या चहात बुडवले. पोरं ओरडली, कुणी शिट्टी मारली. युनूस हसला. कपाकडे बघत म्हणाला, “बरोबर आहे तुझं.” त्यानं दुसरी चिठ्ठी कधी लिहिली नाही. मी जिंकलेला तो एकच वाद.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जातो. लॅपटॉपसमोर बसतो, त्याची बोलायची तऱ्हा आठवून सहा-सहा शब्द जुळवतो. शबानाभाभी चहा ठेवून आत जातात. मागच्या रविवारी झोया शेजारी येऊन उभी राहिली. सात वर्षांची आहे. “काका, तुम्ही अब्बूचे दोस्त ना? मग तुम्हाला नव्हतं सांगितलं?” मी म्हणालो, “नाही गं.” भाभी दारातूनच म्हणाल्या, “भाऊ, ते कुणालाच सांगत नव्हते. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.” मी परत सहा शब्द टाइप केले.

हे कुलूप उघडणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तेच तर तो मला बारा वर्षं पटवून देत होता. तरी मी जातो, कारण जायचा थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागेल. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही, भाभी. तुम्ही रविवारची पुरवणी वाचता, म्हणून इथं लिहिलं. त्यानं सांगितलं होतं. माझ्या हातात दिलं होतं.

लॅपटॉप खिडकीजवळच्या स्टुलावर असतो, दिवसभर सुरू, काळ्या पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट. पंख्याला आता दुसऱ्या खोलीतून वायर ओढली आहे. भिंतीवरच्या बटणाशेजारी झोयानं वहीचं पान चिकटवलंय. त्यावर स्केचपेननं लिहिलंय : ‘पिन काढू नका. अब्बू आत आहेत.’