आपांच्या काट्यावरचा बुडबुडा

आपांच्या बोटावर येणारा झिंगा माझ्यामुळे मेला, आणि मी त्याचं खापर लाईटवर फोडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपांबद्दल काहीही आठवायला बसलो की हेच आडवं येतं.

अनसिंगला माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. मुलानं मुंबईहून आणलेली खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचपेटी त्यांनी दुकानातच ठेवली होती. दुपारी रस्ता सामसूम झाला की पेटीतला निळा उजेड बांगड्यांवरून सरकत राहायचा, आणि त्या एवढ्याशा दुकानाला तळच नाही असं वाटायचं. आपांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पाण्यात हात सोडून त्या डोळे मिटत. मग दगडाआडून तो लाल-पांढरा झिंगा मिशा हलवत यायचा आणि त्यांची नखं टोकरायचा. "एवढी खिदमत तं माह्या लेकीनं बी नाही केली," त्या म्हणायच्या.

उन्हाळ्यात पाणी उडून जायचं, मीठ मात्र तेवढंच राहायचं. म्हणून त्या रोज खारेपणा मोजत. त्यासाठी एक चपटी प्लास्टिकची डबी होती. तिच्यात पेटीतलं पाणी भरलं की ते जितकं खारट, तितका आतला काटा वर तरंगायचा. पण आपा लगेच आकडा वाचत नसत. काट्याला चिकटलेले बुडबुडे सुटेपर्यंत डबीला नखानं टिचक्या मारत बसत, गिऱ्हाईक ताटकळलं तरी. कायले एवढा वेळ घालवता, असं मी एकदा विचारलं.

"बुडबुडा त्याले वर उचलते," त्या म्हणाल्या. "मंग काटा खोटं बोलते."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या वाशीमला लेकीकडे गेल्या, तेव्हा दुकानाची किल्ली आणि पेटीची राखण माझ्याकडे होती. काटा फार वर दिसला. दिवस उन्हाचे, मला ते खरंच वाटलं. टिचकी न मारताच मी बरंच खारं पाणी काढून साधं ओतलं. संध्याकाळी काटा पुन्हा वर, पुन्हा तेच केलं. सकाळी मासे तगले होते, पण झिंगा वाळूवर आडवा पडला होता. तेव्हा कुठे मी टिचकी मारली. बुडबुडे सुटले, आणि काटा खाली जातच राहिला.

आपा परतल्यावर मी सांगितलं, रात्रभर लाईट नव्हती, पंप बंद पडला. लाईटचं काम करणाऱ्याचा शब्द, त्यांनी मानला. "मी गेलीच काहून," एवढंच पुटपुटल्या. त्यानंतर त्यांनी पाण्यात हात घातलेला मी पाहिला नाही. मी इन्व्हर्टर बसवून दिला, तर त्यांनी मलाच दुवा दिली.

यंदा दुकान बंद करून त्या मुलाकडे मुंबईला निघाल्या. मासे कोणाकडे ठेवायचे, याचा त्यांना विचारही करावा लागला नाही. माझ्याच हातात डबी दिली आणि म्हणाल्या, आता तूच मोज, ऑपरेशन झालं तरी मले बारीक आकडा दिसत नाही. मी पाणी भरलं. दुकान रिकामं झालं होतं. निळा उजेड नुसत्या भिंतींवर हलत होता.

"बुडबुडा काढला का रे?" त्यांनी विचारलं.

"आता काढतो, आपा," मी म्हणालो. "तवा नव्हता काढला. लाईट बी गेली नव्हती. तुमचा झिंगा माह्या हातानं मेला. मले माफ करा."